फुटबॉलचा फिरता कारागीर



आपल्या दक्षिण कोंकणांत 'चाकरमानी' हा शब्द ज्या आपुलकीनें उच्चारला जातो, त्या आपुलकीनें तो अन्यत्र क्वचितच उच्चारला जात असेल. घर येथें, पोट तेथें. गणपतीला आणि शिमग्याला परत यावयाचें व सण आटोपतांच पुन्हां वाट धरावयाची, हा क्रम मालवणी मुलखाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. असें असूनहि खेळाच्या मैदानावर पोटासाठीं गांव बदलणारा खेळाडू दिसला कीं आपण त्याला 'भाडोत्री' म्हणून मोकळे होतों. जो एकाच संघाच्या रंगांत जन्मभर खेळला तो निष्ठावंत, आणि जो वरचेवर नवा सदरा अंगावर चढवितो तो पैशाचा पुजारी, अशी आपली सोपी वांटणी असते. ही वांटणी कितपत खरी आहे, हें आज मला एका खेळाडूच्या चरित्रावरून तपासून पाहावयाचें आहे. त्याचें नांव बार्थोलोम्यू ओगबेचे. जन्मानें तो नायजेरियाचा. परंतु त्याच्या कारकीर्दीचा सर्वांत फलदायी भाग भारतांत, आणि त्यांतला मोठा अंश आपल्या शेजारच्या गोव्यांत घडला.

पैसे घेऊन गांवोगांव खेळणारा फुटबॉलपटू ही आजकालची उपज नव्हे. १८७८ सालीं फर्गस सूटर नांवाचा ग्लासगोकडील एक पाथरवट इंग्लंडांत लँकशायरमधील डार्वेन गांवीं खेळावयास आला व तेथेंच राहिला. त्या काळीं खेळाबद्दल पैसे घेणें नियमबाह्य होतें. पाथरवटाचें काम तर त्यानें लवकरच सोडलें. इंग्लंडचा दगड फार कठीण म्हणून सोडलें, असें तो सांगे, अशी आख्यायिका आहे. मग त्याची चूल कशावर पेटत होती, हें डार्वेनच्या शेंबड्या पोरालाहि कळत असावें! दोन वर्षांनीं तो शेजारच्याच ब्लॅकबर्न रोव्हर्स संघांत गेला, तेव्हां डार्वेनकरांना तें मुळींच रुचलें नाहीं. त्याच ब्लॅकबर्ननें १८८४, १८८५ व १८८६ अशीं लागोपाठ तीन वर्षें इंग्लंडचा मानाचा एफ. ए. करंडक जिंकला, आणि १८८५ सालीं तेथील फुटबॉल मंडळानें वेतन घेऊन खेळण्यास उघड मान्यता दिली. धंदेवाईक खेळाडू आणि त्याच्या कपाळावरचा 'फितूर' हा शिक्का, हीं दोन्ही भावंडें अशीं एकाच घरांत जन्मलीं.

पुढें शतकभर क्लबांनीं या कारागिराला एका चमत्कारिक दाव्यानें बांधून ठेविलें. करार संपला तरी जुन्या क्लबाला मोबदला मिळाल्यावांचून युरोपांतील बहुतेक ठिकाणीं त्याला नव्या क्लबांत पाऊल टाकतां येत नसे. हें दावें तोडलें तें बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या एका साधारण योग्यतेच्या खेळाडूनें. त्याला लिएजचा क्लब सोडून फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबांत जावयाचें होतें. जाऊं दिलें नाहीं म्हणून तो न्यायालयांत गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें निकाल दिला कीं, करार संपलेला खेळाडू मोकळा आहे. शिवाय युरोपीय संघांतील देशांच्या नागरिकांवर परकीय म्हणून संख्येची मर्यादा घालतां येणार नाहीं. स्वतः बोस्मानच्या पदरांत या विजयाचें फळ फारसें पडलें नाहीं. त्याचें खेळण्याचें वय खटल्यांतच सरलें. परंतु त्याच्यामागून आलेल्या पिढीला सारा युरोप हीच एक बाजारपेठ झाली. थोड्या मुदतीचे करार, दर दोन वर्षांनीं नवें गांव, नवी भाषा, मुलांना नवी शाळा, हें जिणें त्या पिढीच्या वांट्यास आलें.

ओगबेचे या पिढींतला. त्याचा जन्म १ ऑक्टोबर १९८४ चा, नायजेरियांतील ओगोजा गांवचा. किशोरवयांतच तो पॅरिस सेंट-जर्मेन या फ्रेंच क्लबाच्या तालीमशाळेंत दाखल झाला व तेथून मुख्य संघांत आला. नायजेरियाचा ओकोचा आणि ब्राझीलचा रोनाल्डिन्यो, हे दोन चेंडूचे जादूगार त्या वेळीं त्याच संघांत होते. २००२ सालीं जपान व दक्षिण कोरिया येथें विश्वचषक स्पर्धा भरली. त्या स्पर्धेंत २ जून रोजीं अर्जेंटिनाविरुद्ध नायजेरियाच्या आघाडीवर जो मुलगा उभा होता, त्याचें वय सतरा वर्षें आठ महिने होतें. बातिस्तुताच्या एकमेव गोलानें नायजेरिया तो सामना हरला, पुढें स्वीडनकडूनहि हरला, आणि प्राथमिक फेरींतूनच परतला. पण सतराव्या वर्षीं ज्यानें असें रंगण पाहिलें, त्याच्या पुढील भाग्याविषयीं कोणीहि मोठें भाकीत केलें असतें.

तें भाकीत खरें ठरलें नाहीं. पॅरिसमध्यें त्याची जागा पक्की झाली नाहीं. आधीं बास्तिया, मग मेत्झ, अशा दोन फ्रेंच क्लबांकडे त्याला उसनवार धाडण्यांत आलें. शेतकऱ्यानें शेजाऱ्याला बैल द्यावा तसा खेळाडू क्लबाक्लबांत उसना दिला जातो, हें ज्या श्रोत्यांना ठाऊक नसेल त्यांनीं लक्षांत घ्यावें. नंतर तो अरबी अमिरातींतल्या अल-जझीरा क्लबाकडे गेला. तेथून स्पेन: अलावेस, वालादोलिद, कादिझ, आणि कांहीं काळानें खेरेस. ग्रीसमध्यें कवाला. इंग्लंडांत मिडल्सबरो. हॉलंडमध्यें लेवार्डेनचा कांबूर आणि टिलबर्गचा विलेम दुसरा. नायजेरियाच्या राष्ट्रीय संघांतहि त्याचें स्थान फार काळ टिकलें नाहीं. भूगोलाच्या तासाला नकाशावर काठी फिरवावी तशी ही यादी आहे. पण तींतील प्रत्येक नांवामागें एक नवें शहर, नवी थंडी आणि 'हा कोण आला?' अशी पाहणारी वीस अनोळखी माणसें आहेत, हें विसरूं नये.

हा फिरतेपणा आघाडीच्या खेळाडूच्याच नशिबीं अधिक कां येतो? त्याचें कारण त्याच्या कामाच्या मोजमापांत आहे. बचाव करणाऱ्याचें चुकलेलें दिसतें, बरोबर आलेलें दिसत नाहीं. मधल्या फळींतल्याचें काम जाणकारालाच कळतें. परंतु आघाडीवाल्याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा असतो. किती सामने, किती गोल! वर्षाअखेर आंकडा दिसला तर चार क्लब दाराशीं, न दिसला तर गांठोडें बांधावयाचें. खालच्या श्रेणींतल्या ज्या क्लबाला एका वर्षांत वर चढावयाचें असतें तो प्रथम आघाडीवाला शोधतो, आणि मनोरथ फसला कीं त्यालाच प्रथम निरोप देतो. त्यांत धांवण्याचा वेग तिशीनंतर ओसरूं लागतो. मग पायांऐवजीं डोळ्यांनीं खेळावें लागतें. चेंडू कोठें आहे हें पाहणारे बावीस जण असतात. तो कोठें येणार आहे हें ओळखून दोन पावलें आधीं तेथें उभा राहणारा एखादाच. ओगबेचेनें ही विद्या या भटकंतींतच कमाविली असली पाहिजे, कारण तिचा पुरेपूर प्रत्यय त्यानें दिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षानंतर, भारतांत.

भारतांत परदेशी आघाडीवाला नवा नव्हता. नायजेरियाचाच चिमा ओकोरी १९८० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या मैदानावर गाजला होता. गोव्यांत तर फुटबॉलची मुळें फार जुनीं. १८८३ सालीं विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यानें शिवोली गांवीं हा खेळ आणला, असें तेथील इतिहास सांगतो. पुढें लोखंडाच्या खाणींच्या पैशावर साळगांवकर, धेंपो असे क्लब उभे राहिले. त्यांतील धेंपो क्लबांत नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे सलग आठ वर्षें, खेळला आणि गोवेकरांनीं त्याला घरचा मानला. फिरत्या खेळाडूला बूड कोठें टेकावें हें कळत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. बूड टेकण्यासाठीं बाकहि भक्कम लागतो. २०१२ सालीं गोव्यांतील खाणकाम बंद पडलें आणि क्लबांच्या तिजोऱ्यांना घरघर लागली. २०१६ सालीं धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्यांत त्या लीगच्या भवितव्याविषयींचा वादहि होता. खेळाडूच्या निष्ठेची चर्चा आपण हिरिरीनें करितों. मालकांच्या निष्ठेची कोणी करीत नाहीं.

तोंपर्यंत २०१४ सालीं सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगनें जुन्या रचनेची जागा घेण्यास आरंभ केला होता. या स्पर्धेंत एफ. सी. गोवा संघाला २०१७ सालीं कोरोमिनास नांवाचा स्पॅनिश आघाडीवाला मिळाला. तोहि आधीं सायप्रसच्या एका लहान क्लबांत जाऊन आलेला, पस्तिशीकडे झुकलेला. तीन हंगामांत त्यानें ४८ गोल केले. ओगबेचे आला तो त्याच्यामागून, २०१८ सालीं, आणि थेट गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड संघांत. या संघानें आधींच्या चार हंगामांत एकदांहि उपांत्य फेरी पाहिली नव्हती. ओगबेचे त्याचा कर्णधार झाला. चेन्नईच्या मैदानावर त्यानें एकट्यानें तीन गोल केले व संघानें तो सामना ४-३ असा जिंकला. हंगामांत त्याचे बारा गोल झाले, आणि संघ प्रथमच उपांत्य फेरींत गेला.

दुसऱ्या वर्षीं तो केरळ ब्लास्टर्समध्यें होता. सोळा सामन्यांत पंधरा गोल! संघ मात्र सातवा आला. आघाडीच्या एका माणसानें संघ तरतो हा भ्रम ज्यांना असेल त्यांनीं हें वर्ष अभ्यासावें. पाठीमागची भिंत ढांसळत असेल तर पुढच्या ओसरीवर कितीहि दिवे लावले तरी घर उभें राहत नाहीं.

तिसऱ्या वर्षीं मुंबई सिटीनें त्याला घेतलें, आणि त्याच वर्षीं करोनाच्या सांथीनें जगाचे व्यवहार थांबविले. २०२०-२१ चा सारा हंगाम मडगांवचें फातोर्डा, वास्कोचें टिळक मैदान आणि बांबोळी या गोव्यांतील तीन मैदानांवर, दारें बंद करून खेळविण्यांत आला. ज्या गोव्यांत फुटबॉल हा घराघरांतला विषय, त्या गोव्याच्या अंगणांत देशांतले सगळे संघ येऊन राहिले, आणि गोवेकरांना मात्र कुंपणाच्या आंत प्रवेश नाहीं! आम्ही सिंधुदुर्गवासी बांद्याच्या अलीकडून तेच सामने दूरचित्रवाणीवर पाहत होतों. रिकाम्या मैदानांत चेंडूला लाथ बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकूं येई, गोलरक्षकाची हांक ऐकूं येई. मुंबईच्या आघाडीला ॲडम ल फाँड्र नांवाचा दुसरा एक फिरस्ता, इंग्लंडचा, होता. दोघांना आळीपाळीनें खेळावें लागे. विश्वचषक पाहिलेल्या माणसानें राखीव बांकावर निमूटपणें बसावें, ही गोष्ट लहान नाहीं. १३ मार्च २०२१ रोजीं फातोर्डा येथें अंतिम सामना झाला. कलकत्त्याच्या ए. टी. के. मोहन बगानशीं १-१ अशी बरोबरी असतां, अगदीं शेवटच्या मिनिटाला प्रतिपक्षाचा गोलरक्षक जागा सोडून पुढें आला. त्या गडबडींत चेंडू ओगबेचेकडे आला. त्या वर्षीं त्याचे आठच गोल झाले होते, आणि नवव्याची संधि समोर होती. त्यानें चेंडू बिपिन सिंगकडे दिला. मणिपूरच्या त्या तरुणानें तो जाळ्यांत धाडला, आणि मुंबईला हा करंडक प्रथमच मिळाला. वहींत तो गोल बिपिनच्या नांवावर आहे, तें योग्यच आहे.

चौथ्या वर्षीं तो हैदराबादकडे गेला. सदतिसावें वर्ष उलटलेला हा गृहस्थ त्या हंगामांत अठरा गोल करून सर्वांत अधिक गोल करणारा ठरला, आणि कोरोमिनासचा ४८ चा विक्रमहि त्यानें मागें टाकला. सामने पुन्हां गोव्यांतच होते. २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्याला मात्र प्रेक्षकांना दारें उघडलीं होतीं. केरळ ब्लास्टर्स, म्हणजे ओगबेचेचाच जुना संघ, एका गोलानें पुढें होता. सामना संपावयास दोन मिनिटें उरलीं असतां साहिल ताव्होरा या गोंयकार पोरानें दुरून मारलेल्या चेंडूनें बरोबरी केली. मग पेनल्टीच्या फटक्यांत हैदराबादच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीनें तीन फटके अडविले. कट्टीमनीहि गोव्याचाच. याच फातोर्डा मैदानावर डिसेंबर २०१५ मध्यें तो एफ. सी. गोवाचा गोलरक्षक असतांना, हातातोंडाशीं आलेला करंडक शेवटच्या मिनिटांत त्याच्याच अंगाला लागून जाळ्यांत गेलेल्या चेंडूमुळें निसटला होता. सहा वर्षांनीं त्याच मातींत त्यानें तें देणें फेडलें, पण दुसऱ्या गांवाच्या सदऱ्यांत. त्याला फितूर म्हणावयास कोणी गोवेकर पुढें आल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

संघ दरसाल बदलूनहि त्यांत इतक्या लवकर मिसळून जाणें कसें साधतें, हें समजावयास आपल्याला दूर जावयास नको. दशावताराचा नट पाहा. जत्रांच्या हंगामांत नट आज या कंपनींत तर पुढल्या वर्षीं त्या कंपनींत असतो. लिहिलेली संहिता नाहीं. रात्रीं रंगपटांत आख्यान ठरतें, आणि संकासुराच्या मागून उभा राहिलेला राजा समोरच्या राक्षसाचा शब्द झेलून कथा पुढें नेतो. नटानें कंपनी बदलली म्हणून त्याची देवावरची भक्ति पातळ झाली असें आपण म्हणत नाहीं. पेटाऱ्यापुढें तो जेथें जाईल तेथें तितक्याच भावानें हात जोडतो. ओगबेचेचा पेटारा म्हणजे त्याची ती दोन पावलांची विद्या. ती त्यानें कोणाकडेहि अर्धी गहाण ठेविली नाहीं.

तथापि एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेप असा कीं, गोल करण्याचें काम परदेशी माणसांवर सोंपविल्यामुळें आपले आघाडीवाले वाढले नाहींत. यांत तथ्य आहे. २०१४ सालीं एका वेळीं मैदानांत सहा परदेशी खेळाडू चालत; २०१७ पासून पांच, आणि २०२१ पासून चार. इतके कमी करूनहि क्लब त्या चारांतला एक तरी आघाडीवर ठेवीतच, आणि आपला होतकरू मुलगा बाजूच्या रेषेकडे सरकविला जाई. परिणाम डोळ्यांपुढें आहे. भारताच्या आघाडीचा आधारस्तंभ सुनील छेत्री ६ जून २०२४ रोजीं कलकत्त्यांत कुवेतविरुद्ध शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून निवृत्त झाला, आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच, मार्च २०२५ मध्यें, चाळिशीच्या त्या माणसाला परत बोलवावें लागलें. बोलावणारा प्रशिक्षक मानोलो मार्केझ, ज्याच्या हाताखालीं ओगबेचेनें हैदराबादेंत अठरा गोल केले होते तोच. घर शाकारावयास दुसरा गडीच नाहीं, हें यापेक्षां स्पष्ट कसें सांगावें?

परंतु यांत दोष कोणाचा? ज्यानें आपलें काम चोख बजाविलें त्याचा, कीं ज्यांनीं त्याच्या शेजारीं शिकाऊ मुलगा उभा केला नाहीं त्यांचा? जुना गवंडी कामावर असतांना हाताशीं पोरगा ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. तें काम मालकाचें. मर्यादा उतरविण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, किंबहुना तो उशिरा झाला. पण त्यासाठीं कारागिराला शिव्या देण्याचें कारण दिसत नाहीं.

आणि निष्ठेचाच प्रश्न असेल तर छेत्रीचीच वही उघडा. मोहन बगान, जालंधरकडील जे. सी. टी., ईस्ट बेंगाल, गोव्याचा धेंपो, पुढें कांहीं काळ चर्चिल ब्रदर्स, मुंबई सिटी, बेंगळुरू. मध्यें २०१० सालीं अमेरिकेंत कॅन्सस सिटी आणि २०१२ सालीं पोर्तुगालांत स्पोर्टिंगचा दुय्यम संघ. त्याच्याहि पूर्वीं, १९३६ सालीं, कलकत्त्याचा महंमद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबांत पायांना पट्ट्या बांधून अनवाणी खेळून आला होता. पण घरची ओढ अनावर झाली म्हणून तो परतला. छेत्रीहि परदेशांत फार टिकला नाहीं. ओगबेचे टिकला, सात देशांत टिकला, एवढाच फरक.

२०२२-२३ मध्यें हैदराबादकडून आणखी दहा गोल करून ओगबेचेनें या लीगचा निरोप घेतला, तेव्हां त्याचे एकंदर गोल ६३ झाले होते. बारा, पंधरा, आठ, अठरा, दहा. पांच हंगाम आणि चार सदरे. तो त्या स्पर्धेंतील विक्रम होता. २०२४-२५ च्या हंगामांत तो छेत्रीनें ओलांडला, दहा वर्षांच्या खेळानंतर.